एकोणचाळीस व्होल्ट गेले कुठे

६ जानेवारी

आई,

मातीवाल्याच्या हाती तुमची चिठ्ठी पोचली. चार ओळींत तीन शिव्या आहेत, म्हणजे तब्येत ठणठणीत आहे असं धरते. तुमचं म्हणणं असं, की मी पाठवलेली नवी कॉइल बसवून दोनदा भट्टी लावली आणि दोन्ही वेळा कपांवरचं चकाकीचं ग्लेझ वितळलंच नाही, खडूसारखं पांढरं आणि खरखरीत राहिलं. तेव्हा कॉइल खोटी, ती परत घे. आणि महिनाअखेर वसतिगृहाला जे कप द्यायचेत ते वेळेवर गेले नाहीत तर त्याला जबाबदार तू. खाली सही नाही, पण एवढं तिरपं अक्षर दुसऱ्या कोणाचं असणार?

कॉइल परत घेणार नाही. तोऱ्यात बोलत नाहीये, कॉइल चांगली आहे म्हणून बोलतेय. तुमच्या मुलाशी माझं लग्न मोडून दोन वर्षं झाली. तेव्हा मी मुद्दाम रद्दी माल पाठवला असेल, असं चिरंजीवांच्या डोक्यात येऊ शकतं, त्यांचं डोकं मला ठाऊक आहे. तुमच्याही डोक्यात आलं असेल तर मात्र मला वाईट वाटेल. मी त्याला सोडलं. सासूसासऱ्यांना, म्हणजे तुम्हाला आणि दादांना, सोडायचं मी कधी ठरवलं नव्हतं, ते आपोआप झालं.

फोन करून चार वाक्यांत सांगितलं असतं. पण तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि घरातला फोन ज्याच्या खिशात असतो त्याच्याशी माझं बोलणं नाही. स्वतः आले असते तर पाय प्लास्टरमध्ये आहे. कारखान्यात तेलावरून घसरले. तार गुंडाळून कॉइल करायचं मशीन बसूनच चालवते, म्हणून धंदा बंद नाही एवढंच. तेव्हा मातीवाला आपला पोस्टमन. दर सोमवारी तुमच्याकडून इकडे येतो आणि दुसऱ्या दिवशी माती भरून परत जातो, त्याला सांगून ठेवलंय.

आता नीट वाचा, आणि दादांनाही वाचून दाखवा. मला वायरमन म्हणून हाक मारायचे ना, त्यांना आवडेल. वायरीत विजेला किती रेटा आहे, ते व्होल्ट. प्रत्यक्षात किती वीज वाहते, ते अँपिअर. व्होल्टला अँपिअरनी भागलं की कॉइल विजेला किती अडवते ते कळतं, त्याला ओहम म्हणायचं. आणि व्होल्टला अँपिअरनी गुणलं की भट्टीला खरी ताकद किती मिळते ते कळतं, ते वॅट. एक भागाकार, एक गुणाकार, संपलं शास्त्र. तुम्ही ग्लेझचं मिश्रण उभ्या उभ्या तोंडी हिशेबाने पाचपट करता, तुम्हाला हे काय जड?

तुमची कॉइल मी सतरा ओहमची केली. घरात दोनशे तीस व्होल्ट येतात. दोनशे तीस भागिले सतरा, साडेतेरा अँपिअर. पुन्हा दोनशे तीस गुणिले साडेतेरा, तीन हजार शंभर वॅट. एवढ्या ताकदीत सकाळी लावलेली भट्टी संध्याकाळी केशरी झालीच पाहिजे. होत नसेल तर यातला एक आकडा तुमच्याकडे वेगळा आहे, आणि कुठला ते मला शोधायचंय.

सोबत माझा मीटर पाठवतेय. त्याला वर खेकड्यासारखा चिमटा आहे. वायर त्या चिमट्यात धरली की अँपिअर दिसतात. खालच्या दोन काड्या भट्टीशेजारच्या सॉकेटमध्ये घातल्या की व्होल्ट दिसतात. ते सॉकेट भट्टीच्याच वायरीवर आहे, त्यामुळे उघड्या तारेला हात लावायची गरज नाही, लावूही नका. दोन आकडे लिहून पाठवा. मीटर माझा जीव की प्राण आहे, चिखलाच्या हातांनी धरू नका.

कॉइलवाली

१३ जानेवारी

आई,

तुमचे आकडे आले. व्होल्ट दोनशे तीस, अँपिअर शून्य. आणि त्याखाली तुमच्या अक्षरात, पण भाषा चिरंजीवांची: "वीज पूर्ण येते, कॉइल वीज घेतच नाही, म्हणजे कॉइल मेलेली आहे."

हसून हसून प्लास्टरच्या आत खाज सुटली. आई, शून्य अँपिअरवर तुमची भट्टी अर्धी का होईना तापते ना? मग ती युक्ती मलाही कळवा, जगातल्या सगळ्या वीज कंपन्या बंद करून टाकू.

काय झालं ते सांगते. तुम्ही चिमट्यात अख्खी वायर धरली. त्या वायरीच्या पोटात दोन तारा असतात, एकीतून वीज जाते आणि दुसरीतून परत येते. दोन्ही चिमट्यात आल्या की जाणारी आणि येणारी एकमेकींना पुसून टाकतात आणि मीटर शून्य दाखवतो. उंबऱ्यात बसून बाहेर गेलेले दहा आणि आत आलेले दहा वजा करावेत आणि म्हणावं आज घरात कोणी हाललंच नाही, तसलं हे मोजमाप. भट्टीच्या मागे वायर जिथे फाकते, तिथे दोन तारा वेगळ्या दिसतील. त्यातली फक्त एक धरा. कुठलीही चालेल.

दुसरं, व्होल्ट तुम्ही भट्टी बंद असताना मोजलेत. मला कसं कळलं? भट्टी चालू असताना बरोब्बर दोनशे तीस कोणाच्याच घरात भरत नाहीत. झोपलेला माणूस किती ओझं उचलेल ते त्याच्याकडे बघून कळतं का? त्याच्या डोक्यावर पोतं ठेवावं लागतं. तेव्हा भट्टी लावा, चांगली तासभर तापू द्या आणि मग दोन्ही आकडे एकाच दमात घ्या.

चिरंजीव म्हणाले असतील की चालू भट्टीपाशी मीटर नेऊ नको. तुमच्या काळजीने म्हणाले असतील, ते मी मान्य करते. काळजी करण्यात तो कधी कमी पडला नाही. फक्त त्याला कोणी विचारलं की "हे असंच का?" की त्याचा पारा चढायचा. मी दिवसभर तारांना हेच विचारते, मग घरी येऊन नवऱ्याला विचारायचं नाही, हे मला जमलं नाही. भांडण एवढंच होतं. लोक काय काय रंगवून सांगतात ते मला माहीत आहे, तुम्ही त्यात भर घालत नसाल असं मी समजते.

मातीवाला सांगत होता की तुम्ही बाजारात चार जणींना म्हणालात, सुनेची कॉइल घेऊ नका, फसाल. चोर सोडून संन्याशाला फाशी देताय तुम्ही. आकडे आल्यावर त्याच चार जणींना पुन्हा गाठून खरं सांगायचं, हे आत्ताच ठरवून ठेवा.

दादा पडले असं मातीवाला म्हणाला. आता उठतात का? चिठ्ठीत त्यांचं काहीच नव्हतं.

कॉइलवाली

२० जानेवारी

आई,

शाब्बास. आता कसं. भट्टी चालू, एकशे सत्त्याऐंशी व्होल्ट, अकरा अँपिअर. आणि शेजारी तुम्ही स्वतः भागाकार करून बघितलाय, मग खोडलाय, मग पुन्हा केलाय. खोडायची काही गरज नव्हती, पहिलाच बरोबर होता.

एकशे सत्त्याऐंशी भागिले अकरा, सतरा. मी किती म्हटलं होतं? सतरा. ना साडेसोळा, ना साडेसतरा. कॉइल निर्दोष सुटली. माझ्या कारखान्यात आज सगळ्यांना चहा पाजला आणि तुमचा कागद मशीनच्या वर चिकटवून ठेवला. नाचता येईना अंगण वाकडं, हे मला कोणी म्हणायचं नाही यापुढे.

आता गुणाकार. एकशे सत्त्याऐंशी गुणिले अकरा, दोन हजार सत्तावन्न वॅट. भट्टीला पाहिजेत तीन हजार शंभर. एक हजार वॅट कमी पडल्यावर ग्लेझ कशाला वितळेल? तुम्ही आणखी चार तास भट्टी चालू ठेवलीत तरी ती एका रंगावर येऊन थांबणार, कारण जेवढी ऊब आत येते तेवढीच विटांतून बाहेर जाते. तुम्ही भट्टीच्या भोकातून बघून लिहिलंय, "गाजरासारखी होते आणि तिथेच बसते." तुमचा डोळा आणि माझा मीटर एकच गोष्ट सांगतायत.

मग दोष कोणाचा? भट्टी बंद असताना त्याच सॉकेटमध्ये दोनशे तीस होते, चालू केल्यावर एकशे सत्त्याऐंशी राहिले. त्रेचाळीस व्होल्ट वाटेत पडले. वाट दोन तुकड्यांची आहे, रस्त्यावरून तुमच्या मीटरबोर्डापर्यंत आणि बोर्डापासून शेडमधल्या भट्टीपर्यंत. बोर्डाखाली जे सॉकेट आहे, तिथे भट्टी चालू असताना व्होल्ट मोजा. तिथेही एवढेच कमी भरले तर वीज कंपनीशी भांडा. तिथे पूर्ण भरले तर चोर घरातच आहे.

एक विचारते, राग मानू नका. मी होते तेव्हा भट्टी पुढच्या खोलीत बोर्डाला लागून होती आणि उत्तम चालायची. ती मागच्या शेडमध्ये नेली तेव्हा मधली वायर कोणी ओढली? इलेक्ट्रिशियन बोलावला होता की घरच्या घरी? जुनी कॉइल शेवटी शेवटी मंद झाली असं तुम्ही म्हणत होता, ती म्हातारी झाली म्हणून मंद झाली असं मीही समजले होते. आता वाटतं, बिचारीला उगाच म्हातारी ठरवली.

दादांना तुम्ही मधल्या खोलीत हलवलंत आणि खिडकीची जुनी जागा प्लायवूडने बुजवून तिथे भिंतीला टेकून खाट लावलीत, हे वाचून बरं वाटलं. बाहेरच्या खोलीत त्यांना गारठा सोसला नसता. मी पाठवलेला मफलर वापरत नाहीत म्हणता. रंग आवडला नसेल. त्यांना सांगा, घातला नाही तर मी येऊन बांधीन.

कॉइलवाली

२७ जानेवारी

आई,

हे पत्र पुढे वाचायच्या आधी बोर्डाचा मेन स्विच पाडा. मग दादांना त्या खोलीतून बाहेर काढा. मग वाचा.

मातीवाला आत्ता आला, आज त्याला चहासुद्धा दिला नाही, माती न भरता तसाच परत पाठवतेय. तुमच्या चिठ्ठीत तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही एकत्र वाचल्यावर मी आधी फोन उचलला. तुम्ही लिहिलंय, बोर्डाजवळ भट्टी चालू असताना दोनशे सव्वीस भरले. म्हणजे बाहेरची लाइन ठीक आहे. बोर्डापासून शेडपर्यंत एकोणचाळीस व्होल्ट खाल्ले जातायत. पुढे लिहिलंय, वायर माझ्या मुलाने स्वतः ओढली आणि झकास ओढली. आणि शेवटी, सगळं लिहून झाल्यावर जागा उरली म्हणून लिहिल्यासारखं: भट्टी लावली की ह्यांच्या खाटेमागची भिंत छान कोमट होते, पाठ टेकून बसतात, म्हणतात शेक मिळतो, खोलीत जरा वास येतो पण तो ह्यांच्या पाठीच्या तेलाचा असेल.

भट्टी अंगणापलीकडे आहे, आई. तिची ऊब त्या भिंतीत येऊच शकत नाही.

मी चिरंजीवांना फोन केला. दोन वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, भट्टी बंद कर, तुझ्या वायरीत गडबड आहे. तो म्हणाला, "माझ्या वायरीत काही नाही. नवं कोरं अख्खं बंडल टाकलंय, मध्ये एक जोड नाही." पुढे म्हणाला की कॉइल सुधारता येत नाही म्हणून आता आमच्या घरातल्या खोड्या काढतेस, आणि फोन ठेवला. पुन्हा केला तर उचलला नाही. मेसेज पाठवलाय, वाचला की नाही ते त्यालाच माहीत.

अख्खं बंडल. बोर्डापासून शेडपर्यंत वायर लागते पंधरा मीटर. बंडल असतं नव्वद मीटरचं. त्याला मी ओळखते, तो सुतळीचा तुकडा कापत नाही, गाठ सोडवत बसतो. वायर कापायची त्याच्या जिवावर आली असणार, उद्या भट्टी आणखी मागे न्यायची झाली तर लागेल म्हणून. उरलेली सगळी वायर त्याने गोल गुंडाळून कुठेतरी ठेवली आहे, आणि वीज ती सगळी वेटोळी फिरून मगच भट्टीत जाते. दिव्याला वापरतात ती बारीक वायर असणार. कुठे ठेवली असेल ते दादांची पाठ सांगतेय. बुजवलेल्या खिडकीच्या पोकळीत, प्लायवूडच्या मागे.

एकोणचाळीस व्होल्ट गुणिले अकरा अँपिअर, चारशे एकोणतीस वॅट. ते हवेत जात नाहीत, तिथेच जळतात. अर्धी इस्त्री चालू करून कोणी भिंतीत ठेवावी आणि दिवसभर विसरावी, आणि तिला टेकून आपला माणूस बसावा, असं चाललंय. मी आयुष्यभर कॉइल गुंडाळते, पण ती विटेत बसवते. त्याने गुंडाळलेली लाकडाच्या आणि गादीच्या मागे आहे. तो वास तेलाचा नाही.

आज सकाळपासून मोठी भट्टी लावली आहे असं मातीवाला म्हणाला. उरलेले सगळे कप आत आहेत आणि परवा वसतिगृहाला द्यायचे आहेत. मध्येच बंद केली तर तारीख हुकेल, मला कळतं. तुम्हाला खात्री पटवायला मला वेळ नाही आणि माझ्याकडे पुरावा म्हणून फक्त तुमचेच आकडे आहेत. तुमचा मुलगा समोर उभा राहून काही नाही म्हणेल आणि मी इथे पाय लांब करून बसले आहे. तरीही माझं ऐका. कप दुसऱ्यांदा भाजता येतात.

स्विच पाडला नसेल तर आता पाडा.

कॉइलवाली

३ फेब्रुवारी

आई,

तुमची चिठ्ठी आज आली आणि मातीवाल्याने तोंडी जे सांगितलं ते त्याआधी आलं. तुम्ही लिहिलंत, "स्विच बंद केला. ह्यांना बाहेर आणलं. तू म्हणालीस तसंच निघालं." संपलं. घर वाचलं त्याची एवढीशी बातमी तुम्हीच लिहू शकता. नशीब, मातीवाला दारात उभा होता आणि त्याला बोलायची हौस आहे.

तो म्हणाला, तुम्ही पत्र उघडलंत, पहिली ओळ वाचलीत आणि कागद हातात तसाच धरून बोर्डाकडे चालायला लागलात. खटका पाडलात. शेडमधून चिरंजीव ओरडत आले, भट्टी कोणी बंद केली म्हणून. कप गेले, तारीख गेली, वर्षभराचं गिऱ्हाईक गेलं, आणि कोणाच्या सांगण्यावरून? तुम्ही दादांच्या काखेत हात घालत म्हणालात, "ती म्हणाली म्हणून." पुढचं पत्र तुम्ही वाचलंही नव्हतं. आकडे नाही, इस्त्री नाही, काही नाही.

हे ऐकल्यावर मी मशीन बंद केलं आणि चांगली रडले. लपवत नाही. कारखान्यातल्या बायकांना वाटलं पाय दुखतोय.

पुढचंही त्यानेच सांगितलं. चिरंजीवांनी मला खोटं पाडायला म्हणून प्लायवूड उचकटलं. आत वायरीचं वेटोळं होतं, वरचं प्लास्टिक वितळून सगळी वेटोळी एकमेकांना चिकटली होती, आणि प्लायवूडची आतली बाजू मधोमध काळी पडली होती. दादांच्या गादीचा कापूस तिथून वीतभर. चिरंजीव म्हणे तिथेच जमिनीवर बसले. मग स्वतः उठून दादांची खाट बाहेरच्या खोलीत नेली आणि रात्रभर त्यांच्यापाशी बसून राहिले.

त्याला बोलू नका, आई. मी सांगतेय म्हणून नका बोलू. बाजारात चार जणींना माझं नाव सांगायला निघालात तसं आता त्याचं सांगाल, तुमचा स्वभाव मला माहीत आहे. त्याने आळसाने केलं नाही, आपल्या माणसांसाठी काटकसरीने केलं आणि चुकला. पण यापुढे घरात विजेचं काम त्याने करायचं नाही, हे मात्र त्याच्या तोंडावर सांगा. माझा मीटर त्याने परत पाठवला, तोही सुतळीच्या सात वेढ्यांत, सुतळी न कापता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

इलेक्ट्रिशियनने जाड वायर ओढली हे बरं झालं. त्याने मोजलेले आकडे तुम्ही पाठवलेत, भट्टी चालू असताना दोनशे एकवीस व्होल्ट, तेरा अँपिअर. भागून बघितलं, सतराच. गुणून दोन हजार आठशे त्र्याहत्तर वॅट. आणि त्याच कागदाच्या मागे तुमची नवी तक्रार: आता कॉइल जास्त तापते, पहिल्याच भट्टीत वरच्या फळीवरचे कप वितळून फळीला चिकटले. आई, धन्य आहे. उपाशी बैलाकडून नांगरायची सवय झाली होती तुम्हाला, आता तो पोटभर जेवलाय. दोन वर्षं तुम्ही अशक्त भट्टीला धरून वेळ लावत होता, तो वेळ आता विसरा. घड्याळ बाजूला ठेवा आणि तुमचा तो भोकातून बघणारा डोळा वापरा. वसतिगृहवाल्यांनी आठवडाभर वाढवून दिला आहे तेवढ्यात सगळे कप आरामात होतील.

शेवटी तुम्ही लिहिलंय, झालं गेलं गंगेला मिळालं, आता परत ये. आणि त्याच्याखाली, त्यालाही तसंच वाटतं, फक्त तो बोलणार नाही.

नाही, आई. त्याला विचारलेलं चालत नाही आणि स्वतःहून बोलता येत नाही, म्हणूनच तर मी गेले होते. मी त्या घरात सून म्हणून परत येणार नाही, आणि हे लिहिताना मला काही जड जात नाही. इथे माझं काम आहे, माझ्या हाताखाली तिघी आहेत, मला कोणी प्रश्न विचारला की मी खूश होते. पण तुमच्याकडे येणं मी बंद केलं होतं ती चूक आता चालू ठेवायची नाही. बुधवारी प्लास्टर निघतंय. त्यानंतरच्या रविवारी येते. तो घरी असला तर असू दे, घर त्याचं आहे, जेवायला वाढेन म्हणाला तर जेवीन.

दादांचं कळलं. बाहेरच्या खोलीत गारठा आहे, पाठ धरली आहे, आणि दिवसभर एकच धोशा लावलाय की माझी गरम भिंत कोणी नेली. त्यांना सांगा, मी नेली, आणि तिच्या बदली एक पट्टा घेऊन येतेय. कापडाच्या आत नरम तार गुंडाळून पाठीएवढा शिवलाय. ट्रान्सफॉर्मरवर चालतो, चोवीसच व्होल्टवर, म्हणजे उघड्या तारेला हात लागला तरी झटका बसायचा नाही. छत्तीस वॅटचा आहे, ऊब देईल आणि भाजणार नाही. सहा रात्री मी स्वतःच्या पाठीला बांधून झोपले आहे.

पण एक अट आहे. मी आले की पट्टा पिशवीतून काढीन आणि मीटर तुमच्या हातात देईन. पट्टा चालू करून तुम्ही मोजायचं, मी लांब उभी राहणार. चोवीस व्होल्ट आणि दीड अँपिअर भरले पाहिजेत. भागून सोळा, गुणून छत्तीस, तोंडी करा. यातला एक आकडा जरी वेगळा आला तरी पट्टा दादांच्या अंगाला लावू नका, माझ्या अंगावर फेका. त्या दिवशी घाई होती, तुम्ही माझ्या नुसत्या शब्दावर खटका पाडलात, त्याचं ऋण मी जन्मभर विसरणार नाही. पण दादांच्या बाबतीत यापुढे कोणाच्याही शब्दावर जायचं नाही. त्याच्या नाही, आणि माझ्याही नाही.

कॉइलवाली